वावरातला काळा गोटा आणि न जमलेला ग्रह

काटोल म्हटलं की संत्री. पण उल्कापाषाणांचा अभ्यास करणाऱ्यांना काटोल ठाऊक आहे ते वेगळ्याच मालासाठी. २२ मे २०१२ रोजी दुपारी दोनच्या सुमारास काटोल परिसरात स्फोटासारखे आवाज झाले आणि आभाळातून दगड पडले. गोळा झालेल्या तुकड्यांचं वजन एकूण १३ किलोच्या आसपास भरलं. जागतिक यादीत त्यांची नोंद आहे ‘काटोल, एल-६’. लघुग्रह कसे जन्मले याचा निम्मा हिशेब त्या ‘एल’ आणि ‘६’ मध्ये आहे. उरलेला निम्मा दगडातल्या काळ्या शिरांमध्ये आहे. म्हणून लघुग्रहांची गोष्ट इथे त्या दगडावरूनच सांगतो.

आधी शब्दांचा गोंधळ निस्तरू. सूर्याभोवती फिरणारा, पण ग्रह म्हणण्याएवढा मोठा न झालेला दगडाधातूचा गोळा म्हणजे लघुग्रह. त्याचा किंवा धूमकेतूचा तुकडा पृथ्वीच्या हवेत शिरून चमकतो तेव्हा ती उल्का. गावाकडे आपण ‘तारा तुटला’ म्हणतो. त्यातून उरून जमिनीवर पडतो तो उल्कापाषाण, किंवा अशनी. तारा काही तुटत नाही. जमिनीवर पोचणाऱ्या दगडाच्या बाबतीत बहुधा तुटलेला असतो लघुग्रह, आणि तोही बहुतेक वेळा लाखो-कोटी वर्षांआधी.

बहुतेक लघुग्रह मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात फिरतात. पृथ्वी-सूर्य अंतर एक धरलं, तर हा पट्टा साधारण २.१ पासून ३.३ पर्यंत पसरलेला आहे. सिनेमात दाखवतात तशी तिथे दगडांची दाटी नसते. दोन बऱ्यापैकी मोठ्या लघुग्रहांमध्ये सरासरी दहा लाख किलोमीटर अंतर पडतं, म्हणजे पृथ्वी-चंद्र अंतराच्या अडीच पट. १९७२ मध्ये निघालेलं पायोनियर-१० यान हा पट्टा ओलांडून गेलं, त्याला मोठं काही धडकलं नाही. दाटी नाही आणि वजनही नाही. पट्ट्यातले सगळे लघुग्रह एकत्र करून गोळा वळला, तर तो आपल्या चंद्राच्या तीन टक्केच भरेल. त्यातलाही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग एकट्या सेरेसचा. सेरेसचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, त्यावरून अंदाज घ्या.

फुटलेला ग्रह?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांना विचारलं, तर निम्मी तरी सांगतील की मंगळ आणि गुरूमध्ये एक ग्रह होता, तो फुटला, त्याचे तुकडे म्हणजे लघुग्रह. ही कल्पना दोनशे वर्षं जुनी आहे. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोच्या वेधशाळेत जुझेप्पे पियाझ्झी यांना सेरेस सापडला. पुढे तो सूर्याच्या बाजूला जाऊन दिसेनासा झाला, आणि गाउस या तरुण गणितज्ञाने काढलेल्या कक्षेच्या आधाराने त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा हाती लागला. १८०२ मध्ये जर्मन खगोलज्ञ ओल्बर्स यांना त्याच अंतरावर दुसरा लघुग्रह सापडला, पॅलस. एका ग्रहाच्या जागी दोन बारके गोळे दिसल्यावर ‘मोठा होता, तो फुटला’ असं वाटणं साहजिक होतं. ओल्बर्स यांनी तसंच सुचवलं.

पण हिशेब बसत नाही. पहिली अडचण वजनाची: चंद्राच्या तीन टक्के मालातून कुठला ग्रह? दुसरी, ग्रह फोडायला त्याच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाला पुरून उरेल एवढी ऊर्जा लागते, आणि ग्रहाच्या पोटात सुतळी बॉम्बसारखं काही नसतं. तिसरी अडचण सगळ्यात पक्की. जमिनीवर सापडलेल्या लोखंडी उल्कापाषाणांची रासायनिक जुळवणी केली, तर ते एका नव्हे, डझनावारी वेगवेगळ्या गोळ्यांच्या पोटातून आल्याचं दिसतं. एका मडक्याच्या खापऱ्या एकाच मातीच्या असतात. इथे प्रत्येक खापरीची माती निराळी.

लघुग्रह म्हणजे फुटलेला ग्रह नव्हे. तो जमूच न दिलेल्या ग्रहाचा उरलेला माल आहे. जमू का दिला नाही आणि कोणी, हे पुढे येतंच.

धूळ, कण आणि अडलेली वाढ

सूर्य तयार होत असताना त्याच्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरत होती. तिच्यात सगळ्यात आधी घट्ट झालेले पदार्थ म्हणजे कॅल्शियम आणि अल्युमिनियमने भरलेले पांढरट ठिपके. काही उल्कापाषाणांत ते डोळ्यांनी दिसतात. युरेनियमपासून तयार झालेलं शिसं मोजून त्यांचं वय काढलं, ते भरतं सुमारे ४५६ कोटी ७० लाख वर्षं. सौरमालेचं जे वय आपण पुस्तकात वाचतो, ते या ठिपक्यांचं वय असतं.

त्यानंतरच्या वीस-तीस लाख वर्षांत तबकडीतल्या धुळीचे पुंजके तापून वितळले, त्यांचे थेंब झाले आणि ते काही तासांत थिजले. या थिजलेल्या थेंबांना कॉन्ड्रूल म्हणतात. आकार राजगिऱ्याच्या दाण्याएवढा किंवा त्याहून बारीक. काटोलच्या दगडाचा मूळ माल हाच: हे दाणे, मधली धूळ आणि लोह-निकेलचे चमकणारे कण. ‘एल’ हे अक्षर लोह कमी असलेल्या गटाचं. कमी म्हणजे नगण्य नव्हे; त्यात वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून थोडं जास्त लोह असतं, फक्त ते बहुतांशी खनिजांत बांधलेलं. मोकळा धातू त्यातला थोडाच.

आता दाण्यापासून डोंगर कसा होतो? कणाला कण चिकटतो इथपर्यंत ठीक. जिनिंगमध्ये काम करून आलेल्या माणसाच्या अंगाला कापसाचे तंतू चिकटतात, तसं बारीक धुळीचं होतं. पण कण एक-दोन मिलिमीटर, फार तर काही सेंटिमीटरचे झाले की टकरीत चिकटण्याऐवजी टप्पा खाऊन उडतात. जोरात आदळले तर फुटतात.

त्याहून मोठा घोळ वाऱ्याचा. तबकडीतल्या वायूला आतून दाब असतो, म्हणून तो सूर्याभोवती किंचित सावकाश फिरतो. घन गोट्याला असा आधार नसतो, त्याला पूर्ण वेगाने फिरावं लागतं. म्हणजे त्या गोट्याला सतत समोरून वारा लागतो, सेकंदाला पन्नासेक मीटरचा. बारीक धूळ वायूबरोबरच वाहते, तिला फरक पडत नाही. डोंगराएवढ्या गोळ्यालाही तो वारा काही करू शकत नाही. मधल्यामध्ये मीटरभराचा धोंडा मरतो. वारा त्याचा वेग खातो, वेग घटला की तो आत घसरतो, आणि पृथ्वीच्या अंतरावरून अवघ्या शंभरेक वर्षांत सूर्यात जाऊन पडतो. लाखो वर्षांच्या कामात शंभर वर्षं म्हणजे चहा उकळायलाही वेळ नाही. या एका अडथळ्यापाशी ग्रहनिर्मितीचं गणित कित्येक वर्षं अडून बसलं होतं.

वाट सापडली ती २००५ मध्ये, अँड्र्यू यूडिन आणि जेरेमी गुडमन यांच्या गणितातून. कण एकेकटे वाढत नाहीत, त्यांचा जत्था वाढतो. वाऱ्याविरुद्ध एकट्याने सायकल हाणून बघा आणि मग दहा जणांच्या घोळक्यात. कणांचा दाट जत्था झाला की तो आसपासच्या वायूलाच ओढून सोबत पळवतो, म्हणून समोरचा वारा कमी होतो. वारा कमी, तर जत्था आत सावकाश घसरतो. मागून, म्हणजे बाहेरच्या बाजूने घसरत येणारे एकटेदुकटे कण त्याला येऊन मिळतात. जत्था आणखी दाट होतो, आणखी सावकाश होतो. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यावर एक जड बंडी हळू चालली की मागे रांग कशी लागते, ते आठवा. शेवटी गर्दी एवढी वाढते की ती स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने कोसळून गोळा होते. मीटरभराची धोकादायक पायरी चढावीच लागत नाही. दाण्यांवरून थेट शंभरेक किलोमीटरचा गोळा.

याची खूण आजच्या पट्ट्यातही आहे. आकारानुसार लघुग्रहांची मोजदाद केली, की शंभर किलोमीटरच्या आसपास संख्येला एक फुगवटा दिसतो. बारकेच आधी जन्मून हळूहळू मोठे झाले असते, तर तो दिसला नसता. मोठे आधी झाले, बारके नंतर त्यांच्या फुटण्यातून आले.

गुरूचा धुरा

पट्ट्यात असे शंभर-शंभर किलोमीटरचे गोळे झाले, तर पुढे त्यांचा ग्रह का झाला नाही? पृथ्वीच्या जागी तर झाला.

कारण शेजारी गुरू. गोळे एकमेकांत मिसळून मोठे व्हायचे, तर टक्कर हळू व्हावी लागते. गुरू प्रचंड वाढला आणि त्याच्या ओढीने पट्ट्यातल्या गोळ्यांच्या कक्षा वाकड्यातिकड्या झाल्या. आज तिथे टकरींचा सरासरी वेग सेकंदाला ५ किलोमीटर आहे. नागपूर ते अमरावती हे दीडशे किलोमीटर अर्ध्या मिनिटात. त्या वेगाने दोन धोंडे आदळले तर जुळणार काय, भुगाच होणार. शिवाय अनेक गोळे पट्ट्याबाहेरच फेकले गेले.

गुरूची ही ओढ सगळीकडे सारखी लागू होत नाही. एखादा लघुग्रह सूर्याभोवती नेमक्या तीन फेऱ्या मारतो तेवढ्यात गुरूची एक होत असेल, तर गुरूचा धक्का त्याला दर वेळी त्याच ठिकाणी बसतो. झोक्याला नेमक्या वेळी दिलेल्या धक्क्यांसारखं होतं, कक्षा ताणत जाते आणि शेवटी तो तिथून निसटतो. म्हणून सूर्यापासून २.५ पट अंतरावर पट्ट्यात मोकळी जागा आहे. तशाच जागा २.८२, २.९५ आणि ३.२७ वर आहेत. डॅनिएल कर्कवुड यांनी हे १८६६ मध्ये मांडलं, जेव्हा ओळखीचे लघुग्रह शंभराच्याही आत होते. एवढ्याशा माहितीवर ही गोष्ट ओळखणं म्हणजे नजर पाहिजे.

गुरूने आणखी एक काम केलं. उल्कापाषाणांतल्या मॉलिब्डेनम, क्रोमियम, टायटॅनियम या मूलद्रव्यांची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजली, तर सगळे दगड दोन घराण्यांत पडतात, मधलं जवळपास काहीच नाही. दोन वावरांच्या मधे पक्का धुरा असावा आणि एका बाजूची माती दुसरीकडे वाहून जाऊ नये, तसं. तो धुरा म्हणजे गुरू, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सूर्य जन्मून दहाएक लाख वर्षं होतात न होतात तोच गुरूचा गाभा एवढा वाढला, की बाहेरून येणारे कण त्याच्या पलीकडेच अडले. धुऱ्याच्या आतली बाजू कोरडी, दगडी. काटोलचं घराणं तिकडचं. बाहेरची बाजू ओली, कार्बनने काळी. पुढे गुरू वाढताना आणि हलताना बाहेरचा काही माल आत फेकला गेला. आज पट्ट्याच्या आतल्या भागात दगडी आणि बाहेरच्या भागात काळे कार्बनी लघुग्रह जास्त, आणि मधे सरमिसळ. चारातले तीन लघुग्रह काळ्या जातीचे आहेत.

रोडगा उलटा भाजला

आता ‘६’ या आकड्याकडे. तो दगड किती भाजला गेला हे सांगतो. ३ म्हणजे जवळजवळ कच्चा, ६ म्हणजे चांगलाच शिजलेला.

ही उष्णता सूर्याची नव्हती, टकरींचीही नव्हती. त्या वेळच्या धुळीत अल्युमिनियम-२६ हा किरणोत्सारी प्रकार मिसळलेला होता. त्याचं अर्धायुष्य सुमारे सात लाख वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात निम्मा संपतो आणि संपताना उष्णता देतो. जो गोळा लवकर जमला त्याच्या पोटात हा निखारा भरपूर. जो वीसेक लाख वर्षं उशिरा जमला त्याच्या वाट्याला थोडा. लघुग्रहांचं नशीब बरंचसं या उशीर-लवकरवर ठरलं.

गोवऱ्यांच्या आरात रोडगा लावला की बाहेरून कडक आणि आत मऊ राहतो, कारण आच बाहेरून असते. लघुग्रहात उलटं: आच पोटात, थंडी बाहेर. म्हणून मधला भाग सगळ्यात जास्त शिजतो आणि पृष्ठभाग कच्चा राहतो. काटोलचा दगड त्याच्या मूळ गोळ्याच्या खोल पोटातला आहे. तिथे तापमान आठशे अंशांच्या वर गेलं, पण दगड वितळला नाही. कमी शिजलेल्या दगडात कॉन्ड्रूलचे दाणे साबुदाण्याच्या मोकळ्या खिचडीसारखे सुटे दिसतात. काटोलमध्ये खिचडी जास्त शिजली; दाण्यांच्या कडा आसपासच्या मालात विरल्या आहेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची फक्त धूसर खूण उरते.

जे गोळे अगदी लवकर जमले ते पार वितळले. जड लोह तळाशी जाऊन गाभा झाला, हलका दगड वर तरंगला. असा जवळजवळ धड उरलेला गोळा म्हणजे व्हेस्टा, व्यास सुमारे ५२५ किलोमीटर. २०११-१२ मध्ये ‘डॉन’ यान त्याच्याभोवती फिरत होतं. व्हेस्टाचं कवच कशाचं आहे? बेसॉल्टचं. म्हणजे ज्या काळ्या दगडाची आपली विहीर बांधलेली असते आणि जो झिजून कापसाची काळी माती होते, त्याच जातीचा दगड. फरक वयाचा: आपला बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, व्हेस्टाचा साडेचारशे कोटींच्या वरचा.

काळ्या शिरा

काटोलच्या दगडात बारीक काळ्या शिरा आहेत. तिथे दगड क्षणभर वितळून परत थिजला होता. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांसह काही गटांनी या शिरा तपासल्या आणि २०२१ मध्ये त्यांत ब्रिजमनाइट हे खनिज सापडल्याचं प्रसिद्ध केलं. पृथ्वीत हे खनिज सगळ्यात विपुल, पण असतं ६६० किलोमीटरखाली, त्यामुळे हाती येत नाही. ते तयार व्हायला वातावरणाच्या सव्वादोन लाख पटींहून जास्त दाब लागतो. लघुग्रहाच्या पोटात एवढा दाब नसतोच. तो एकाच गोष्टीने येतो: दुसऱ्या लघुग्रहाची जोरदार धडक.

‘एल’ गटाच्या अनेक दगडांत अशा धडकेचं वय मोजलं तर ते ४६-४७ कोटी वर्षांच्या आसपास येतं. दुसरा पुरावा स्वीडनमधल्या चुनखडीच्या खाणीत आहे. तिथे समुद्रतळाच्या त्याच काळातल्या थरांत शंभराहून जास्त जीवाश्म उल्कापाषाण सापडले, जवळजवळ सगळे ‘एल’ गटाचे. म्हणजे एक मोठा लघुग्रह फुटला आणि त्याच्या तुकड्यांचा पाऊस पृथ्वीवर पडला. तेव्हा विदर्भात काळी माती नव्हती. तिला जन्म देणारा बेसॉल्ट यायला अजून चाळीस कोटी वर्षं होती.

एका टकरीतून निघालेले तुकडे पुढेही जवळपास एकसारख्याच कक्षांत फिरत राहतात. जपानचे कियोत्सुगु हिरायामा यांनी १९१८ मध्ये अशी कुटुंबं प्रथम ओळखली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी ‘एल’ गटाच्या दगडांचा माग मॅसॅलिया नावाच्या कुटुंबापर्यंत नेला आहे.

पण दूर फिरणारा लघुग्रह आणि हातातला दगड एकच, हे कशावरून? याला सरळ उत्तर आहे: माणसाने जाऊन आणलं. जपानचं हायाबुसा यान इतोकावा या अर्ध्या किलोमीटरच्या लघुग्रहावरून धुळीचे कण घेऊन २०१० मध्ये परतलं. कण निघाले ‘एलएल’ गटाचे, म्हणजे काटोलच्या दगडाचे चुलतभाऊ.

इतोकावा अखंड खडक नाहीच. दगडमुरमाचा ढीग गुरुत्वाकर्षणाने सैलसर धरून ठेवलेला आहे. मोठा गोळा फुटला, तुकडे उडाले, त्यातले काही परत एकत्र जमले. बेन्नू हा दुसरा लघुग्रहही तसाच. त्याची घनता पाण्याच्या फक्त १.१९ पट आहे. २०२० मध्ये ओसायरिस-रेक्स यानाने त्याला हात लावला, तर तो हात पृष्ठभागात मऊ ढिगाऱ्यात रुतावा तसा आत गेला.

पट्ट्यातला दगड इकडे येतो कसा

फुटलेला बारका तुकडा पट्ट्यातच फिरत राहू शकतो. त्याला हलवतं ते ऊन. दिवसा तापलेली बाजू संध्याकाळकडे वळते तेव्हा ती उष्णता बाहेर फेकते, आणि त्या फेकण्याचा अतिसूक्ष्म धक्का दगडाला बसतो. रस्त्याकडेची भिंत सूर्य मावळल्यावरही गरम वाफ मारते, त्यातलाच प्रकार. याला यार्कोव्हस्की परिणाम म्हणतात. बेन्नूवर तो मोजला आहे: अर्ध्या किलोमीटरच्या या गोळ्याची कक्षा वर्षाला सुमारे २८४ मीटर सरकते. कोट्यवधी वर्षं असं सरकत तुकडा एखाद्या दिवशी कर्कवुडच्या मोकळ्या जागेत पोचतो, आणि मग गुरू त्याला साधारण दहाएक लाख वर्षांत पृथ्वीच्या वाटेवर आणून सोडतो. सरकायला फार काळ, निसटायला थोडा. शेतातला भारा पांदणीपर्यंत आणायलाच वेळ लागतो, डांबरी लागली की काय राहिलं.

लोणारचा खार आणि बेन्नूचा खार

विदर्भात लघुग्रहाची सगळ्यात मोठी खूण बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. ते ज्वालामुखीचं की धडकेचं, हा वाद १९७३ मध्ये मिटला, कारण तिथल्या दगडांत मास्केलिनाइट सापडलं. धडकेच्या दाबाने खनिजाची काच होते, ती ही. पडलेला गोळा विवराच्या मानाने बारका होता. अंदाज साठ ते शंभर मीटरच्या दरम्यानचे आहेत. वयाचा सहलीत ऐकू येणारा पन्नास हजारांचा आकडा जुन्या मोजणीतला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं भरलं.

लोणारचं पाणी खारट-सोड्याचं आहे ते आभाळातून काही पडलं म्हणून, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. बेसॉल्ट झिजून पाण्यात सोडियम येतं, विवराला बाहेर जायला वाट नाही, ऊन पाणी उडवतं, खार राहतो. पडलेला गोळा तर बहुतांशी त्या क्षणीच वितळून-वाफ होऊन गेला.

पण याच क्रियेचा पुरावा लघुग्रहातच सापडला, ही खरी गंमत. बेन्नूवरून सप्टेंबर २०२३ मध्ये १२१.६ ग्रॅम नमुना पृथ्वीवर आला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्यात मीठ आणि चुनखडीसोबत ट्रोना होता, म्हणजे सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेटचं मिश्र खनिज. सोड्याच्या तळ्यांच्या काठी साचतं तेच. आपल्या पापडखाराचा नातलग. बेन्नू ज्या मोठ्या गोळ्यातून तुटला त्याच्या पोटात अल्युमिनियम-२६ ने बर्फ वितळलं, खारं पाणी भेगांत साठलं आणि हळूहळू आटलं. गुरूच्या धुऱ्यापलीकडचं वावर ओलं होतं म्हणतात ते यामुळे.

वावरात काळा गोटा सापडला तर

शेकड्यात नव्व्याण्णव वेळा तो उल्कापाषाण नसतो. विदर्भात फसवणारे काळे, जड गोटे भरपूर आहेत: भंडारा-नागपूरकडचं मँगनीज, गडचिरोलीचं लोहखनिज, जुन्या भट्ट्यांचं कीट. ओळख अशी करा.

ताज्या पडलेल्या दगडाला एक मिलिमीटरहून पातळ काळी साल असते, आणि कुठे टवका उडाला असेल तर आत फिकट राखाडी दिसतं. आतबाहेर सारखाच काळा असेल तर संशय धरा. बुडबुड्यांची भोकं असतील तर तो बेसॉल्ट किंवा कीट आहे. लोहचुंबक दोऱ्याला टांगून जवळ न्या, दगडाकडे ओढला गेला तर चांगली खूण. पण चुंबक दगडाला टेकवू नका, घासूही नका. त्यातली कोट्यवधी वर्षांपूर्वीची चुंबकीय नोंद पुसली जाते. हे नुकसान आजकाल सर्रास होतं, कारण जोरदार चुंबक शंभर रुपयांत मिळतो. फरशीच्या खडबडीत मागच्या बाजूवर दगडाचा टोकाचा भाग ओढा: लाल रेघ उठली तर लोहखनिज, काळी उठली तर मँगनीज किंवा मॅग्नेटाइट. उल्कापाषाणाची बहुधा रेघ उठतच नाही.

मग घनता. पाण्यात बुडवू नका, आतलं लोह गंजतं. राजगिरा घ्या. डबा राजगिऱ्याने काठोकाठ भरून वरून पट्टीने सपाट करा आणि तो राजगिरा परातीत ओता. रिकाम्या डब्यात पातळ पिशवीत गुंडाळलेला दगड ठेवून त्याच राजगिऱ्याने डबा पुन्हा काठापर्यंत भरा, हलकेच आपटत. दोन्ही वेळा सारखंच आपटा, नाहीतर आकडा चुकतो. परातीत उरलेला राजगिरा औषधाच्या मापाने मोजा. दगड ५१० ग्रॅमचा आणि राजगिरा १५० मिलिलिटर उरला, तर घनता ३.४, काटोलच्या जातीचा दगड तिथेच येतो. १७५ उरला, तर २.९, आपला नेहमीचा बेसॉल्ट. चारच्या वर गेली, तर मँगनीज किंवा लोहखनिज असण्याची शक्यता जास्त.

पडताना कोणी पाहिलं असेल, तर त्याचं वर्णनही कामाचं. उल्का काही सेकंदांत संपते. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी, पाडव्याच्या दिवशी, विदर्भावरून जळत्या तुकड्यांची रांग सावकाश, आडवी गेली आणि चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं मोठं कडं सापडलं. तो चिनी रॉकेटचा भाग होता. सावकाश जाणारी लांब रांग दिसली, की बहुधा माणसानेच वर पाठवलेलं काहीतरी परत येत असतं. आणि ‘आगीचा गोळा पडून कडब्याची गंजी पेटली’ हे ऐकलं तर विश्वास ठेवू नका. जमिनीपासून पंधरा-वीस किलोमीटर उंचीवरच दगडाचा मूळ वेग संपतो, तो विझतो आणि पुढे साध्या दगडासारखा खाली येतो. किलोभराच्या दगडाने मातीत जेमतेम वीतभर खड्डा पडतो.

सगळ्या खुणा जुळल्या, तर उचलण्याआधी शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, मोबाइलवर जागा नोंदवा, वेळ आणि आलेली दिशा लिहा. स्वच्छ फॉइलमध्ये गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. पहिल्या पावसाआधी उचललेला दगड आणि पावसात भिजलेला दगड यांत अभ्यासाच्या दृष्टीने फार फरक पडतो. तलाठी किंवा तहसीलदारांना कळवा. उल्कापाषाणांचं राष्ट्रीय भांडार भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे आणि त्यांचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरातच आहे. फोडू नका, धुऊ नका, तेल लावू नका. आभाळातून आला म्हणून पूजा करायची तर फुलं वाहा, पण शेंदूर लावू नका. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, आणि या दगडांचं वय काढतात ते त्यांतल्या कणभर शिशावरूनही.